एका किलोच्या चौदा भाकरी: मॅरेथॉनच्या सरावात जेवलेली एक खानावळ

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या एका गल्लीत असलेल्या खानावळीविषयी हे लिहीत आहे. तिचे नाव मात्र लिहिणार नाही, कारण मालकीणबाईंनी तशी अटच घातली आहे. दुपारी साडेबारानंतर बाहेर चपला मावत नाहीत, आत धुतलेली ताटे पुरत नाहीत, त्यात आणखी गिऱ्हाईक कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यांना सगळे अक्का म्हणतात. गल्लीत शिरल्यावर चपलांच्या ढिगावरून खानावळ ओळखता येते, तेवढी खूण पुरेशी आहे.

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. वय ३८, वजन ५४ किलो. यजमान गोव्यात नोकरीला असल्यामुळे आठवड्याचे पाच दिवस घरी मी एकटीच असते आणि एकटीसाठी दोन वेळा साग्रसंगीत स्वयंपाक करण्याचा उत्साह मला कधीच नव्हता. दोन अर्ध्या मॅरेथॉन धावून झाल्यावर गेल्या वर्षी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पूर्ण अंतराचे, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरचे नाव नोंदवले आणि सप्टेंबरच्या अखेरीस सोळा आठवड्यांचा सराव सुरू केला. त्यातले शेवटचे अकरा आठवडे मी या खानावळीत जेवले. त्याआधी काय खात होते ते सांगितल्याशिवाय खानावळीची किंमत कळणार नाही, म्हणून थोडे मागे जाते.

ऑगस्टपासून मी शहरातल्या एका डाएट डब्याच्या सेवेची वर्गणीदार होते. डबा देखणा असे. दोन पातळ फुलके, वाफवलेले मोड आलेले मूग, काकडी-गाजराच्या चकत्या, पनीरचे चार भाजलेले तुकडे, आणि झाकणावर छापील चिठ्ठी: ४३० कॅलरी. लांब धावणाऱ्याने हलके असावे, हलके राहण्यासाठी कमी खावे, अशी माझी समजूत होती आणि त्या चिठ्ठीने ती आणखी पक्की केली. दोन डबे, सकाळचे पोहे, दोन चहा आणि एखादे फळ मिळून दिवसाला साधारण १,४०० कॅलरी पोटात जात होत्या. सेवेवाल्यांचा त्यात मोठा दोष आहे असे मी म्हणणार नाही. बैठे काम करणाऱ्या आणि वजन उतरवू पाहणाऱ्या माणसासाठी तो डबा बेतलेला होता. मी आठवड्याला ६५ किलोमीटर धावते हे सांगितल्यावर मात्र, ‘मग तर फारच छान, वजन लवकर उतरेल,’ असे उत्तर फोनवर मिळाले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत माझी अवस्था अशी झाली की रात्री तीन वाजता भुकेने जाग यायची, वर्गात निबंधाच्या वह्या तपासताना डोळे मिटायचे, आणि येळ्ळूरहून परतताना वडगावच्या वेशीजवळ पाय असे जड व्हायचे की शेवटचे तीन किलोमीटर चालतच घरी यावे लागे. वजन तरीही हलले नव्हते. सप्टेंबर आणि ऑक्टोबरची पाळीही चुकली. ओळखीच्या बायकांनी वयाकडे बोट दाखवले. डॉक्टरबाईंनी आधी नेहमीच्या तपासण्या करून घेतल्या, मग कागद पुढे सरकवला आणि आदल्या दिवशी काय काय खाल्ले ते लिहायला सांगितले. त्या कागदावरचा हिशेब इथे मांडते, कारण तो कोणालाही स्वतःपुरता करता येतो.

धावण्यात दर किलो वजनामागे दर किलोमीटरला ढोबळमानाने एक कॅलरी खर्च होते. माझे वजन ५४ आणि आठवड्याचे अंतर ६५, म्हणजे आठवड्याला साडेतीन हजार, रोजची सरासरी ५००. खाल्लेल्या १,४०० मधून हे ५०० वजा केले की हृदय, मेंदू, हाडे, संप्रेरके, सगळ्यांचा संसार चालवायला ९०० उरतात. चरबी सोडून माझ्या शरीराचे वजन ४२ किलोच्या आसपास आहे, म्हणजे दर किलोला २१ कॅलरी. हा आकडा ४५ च्या आसपास असला तर शरीराचे व्यवस्थित भागते आणि तो दीर्घकाळ ३० च्या खाली राहिला तर शरीर एकेक खाते बंद करू लागते, असे क्रीडावैद्यकात मानले जाते. बायकांमध्ये पाळीचे खाते बहुधा लवकर बंद होते, हाडे झिजतात, दुखापती वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळाडूंमधली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) असे नाव दिले आणि ती पुरुषांनाही होते हे त्याच वेळी स्पष्ट केले. वजन न उतरण्याचे कोडेही इथेच सुटते: खर्चाला पैसे नसले की घर जसे काटकसरीला लागते, तसे शरीरही लागते.

‘डबा बंद करा आणि जिथे वाढतात तिथे जेवा,’ असे डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या दवाखान्यातली नर्स अक्कांच्या खानावळीची मेंबर होती, एवढ्यावर माझे ठरले.

पहिल्या संध्याकाळी मी साडेसातला पोहोचले. आत सहा टेबले, भिंतीवर घड्याळ आणि त्याखालचे टेबल अलिखितपणे एकट्या आलेल्या बायकांसाठी राखलेले. स्वयंपाकघर आणि बसायची जागा यांच्यामध्ये फक्त कमरेएवढी भिंत असल्यामुळे भाकरी थापणे दिसते. अक्का काठवटीत ज्वारीचे पीठ गरम पाण्याने मळतात, उंडा दोन्ही तळव्यांत फिरवून चपटा करतात आणि एका हाताने थापत दुसऱ्या हाताने कड सावरत तो वाढवत नेतात. शेजारी दोन तवे. तव्यावर टाकलेल्या भाकरीवर ओल्या फडक्याने पाणी फिरवले जाते, ते सुकले की भाकरी उलटते, आणि शेवटी जाळावर धरल्यावर अशी टम्म फुगते की वाफेसाठी अक्का तिला अंगठ्याने एक भोक पाडतात. ती तशीच ताटात येते. वाढपी खानापूरकडचा, विशीतला मुलगा आहे. तो काही विचारत नाही. ताटावर हात आडवा धरेपर्यंत तो वाढत राहतो, आणि हात आडवा धरला तरी अक्का आतून म्हणतात, ‘बाई, अर्धी तरी घ्या की.’

हे वाढणे धावणाऱ्याच्या दृष्टीने लाखमोलाचे आहे. जोराचा किंवा लांबचा सराव झाला की काही वेळ भूक मंदावते. शरीर रिकामे असते आणि जीभ मात्र नको म्हणते. घरी स्वतःच्या हाताने वाढून घेतले की अशा दिवशी मी एका पोळीवर उठत असे. इथे उठू देत नाहीत.

शिक्षकी पेशाची खोड म्हणून मी दुसऱ्याच आठवड्यात अक्कांना विचारले की एका किलो पिठात किती भाकरी होतात. ‘चौदा,’ असे त्यांनी हात न थांबवता सांगितले. म्हणजे एका भाकरीत सुमारे ७० ग्रॅम पीठ, जवळपास २४० कॅलरी. मग एका रात्रीच्या ताटाचा पूर्ण अंदाज काढला. दोन भाकरी ४८०, भरल्या वांग्याची येण्णेगाई १९०, मसुराची उसळ १५०, शेंगदाण्याची चटणी दोन चमचे ११०, वाटीभर दही ८०, भात २८०, आमटी १००. बेरीज १,४०० ला दहा कमी. झाकणावर चिठ्ठी लावलेल्या त्या डब्यांवर पूर्ण दिवसात जे मिळत होते, ते इथे एका बैठकीत मिळाले, आणि पोट फुगल्याची तक्रारही झाली नाही.

या ताटाची खरी ताकद त्यातल्या पिठूळ भागात आहे. रोज एक ते तीन तास सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे ६ ते १० ग्रॅम कर्बोदके लागतात. माझ्या हलक्या दिवसांत पाचही चालतात, पण मोठ्या अंतराच्या आदल्या दिवशी मला सव्वातीनशे ते चारशे ग्रॅम हवे असतात. अक्कांच्या एका ताटात २०० ग्रॅमच्या आसपास मिळतात. भात येळ्ळूरच्या शेतातल्या तांदळाचा असतो, थोडा चिकट, तूप घातले की नुसताही खावासा वाटणारा. केनियाचे नामांकित धावपटू मक्याच्या पिठाचा उगाली ढिगाने खातात हे वाचून आपल्याकडचे लोक आश्चर्य करतात, आणि स्वतः मात्र भात सोडल्याचे अभिमानाने सांगतात. प्रथिनांची मला आधी काळजी होती. हिशेब केल्यावर ती मिटली, कारण भाकरी, उसळ, चटणी, आमटी आणि दही मिळून ताटात चाळिसेक ग्रॅम होतातच. ज्वारीत लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी असते आणि कडधान्यात भरपूर, त्यामुळे भाकरी-उसळ ही जोडी एकमेकींची उणीव भरून काढते. दुपारी शाळेत येणाऱ्या खानावळीच्या डब्यात एक भाकरी, भाजी, आमटी-भात असतो, तो थोडा लहान असला तरी दिवसाची गोळाबेरीज जमते.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. खानावळ दुपारी बारा ते तीन आणि संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ एवढीच उघडी असते. रविवारी पहाटे पाचला निघून वडगाव, येळ्ळूर करत राजहंसगडाच्या पायथ्याला वळसा घालायचा, उरलेले किलोमीटर व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली पुरे करायचे आणि नऊच्या सुमारास थांबायचे, असा माझा क्रम होता. ३२ किलोमीटरच्या दिवशी १,७०० हून अधिक कॅलरी खर्च झालेल्या असतात आणि त्यानंतरच्या पहिल्या काही तासांत कर्बोदके पोटात गेली तर स्नायूंमधला साठा लवकर भरतो. नेमक्या त्या वेळी अक्कांच्या दाराला कुलूप असते. मी शनिवारी रात्री भाताचे एक पार्सल जास्त घेऊन ठेवू लागले. तो भात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा, आणि परत आल्याबरोबर दही, मीठ, फोडणी घालून, वर एक केळे व साखर घातलेले पेलाभर दूध. अकरा आठवड्यांत ही न्याहरी मला कंटाळवाणी वाटली नाही, पण ज्याला गरम नाश्ता हवा त्याने दुसरी सोय पाहावी.

दुसरी तक्रार शनिवारच्या रात्रीच्या ताटाची, आणि तिच्यात माझीही चूक आहे. नोव्हेंबरमध्ये २६ किलोमीटरच्या आदल्या रात्री मी येण्णेगाई, मसूर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा यांवर मनसोक्त ताव मारला. दुसऱ्या दिवशी येळ्ळूरच्या अलीकडे, दोन्ही बाजूंनी उघडी शेते आणि समोरून दूधवाल्यांच्या मोटारसायकली अशा ठिकाणी, पोटाने जो प्रसंग आणला त्याचे वर्णन करत नाही. कोंडा, कडधान्ये आणि तिखट हे एरवी चांगले, पण लांबच्या धावेआधी बारा-चौदा तास दूर ठेवावे. हे मी अक्कांना सांगितले तेव्हा त्या हसल्या नाहीत. पुढच्या शनिवारपासून माझ्यासाठी मऊ भात, साधे वरण, तूप, मेतकूट आणि उकडलेला बटाटा वेगळा येऊ लागला, जास्तीचे पैसे न घेता. असे आजाऱ्याचे जेवण रोजच्या ताटापेक्षा कमी मेहनतीचे आहे, असे त्यांचे म्हणणे.

तेलाचे प्रमाण एकसारखे नसते. अक्का स्वतः फोडणीला असल्या तर ठीक, त्यांची जाऊ असली तर येण्णेगाईवर बोटभर तवंग येतो. रात्री नऊनंतर दही आंबट होते आणि भाकरी कधीकधी संपतात. मग चपात्या मिळतात, त्या जाड आणि थंड असतात. जेवणानंतर लगेच चहाचा आग्रह होतो, तो मी टाळते, कारण चहातले टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही आणि माझ्या तपासणीत लोहाचा साठा कमी निघाला होता. त्याऐवजी लिंबाची फोड मागितली तर मिळते, आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वाने डाळी-भाज्यांतले लोह जास्त शोषले जाते.

खानावळीत मिळणारी, पण फलकावर नसलेली एक वस्तू आहे: काकवी. अक्कांच्या माहेरी गुऱ्हाळ आहे. ऊस तोडणी सुरू झाली की तिथून काकवीचे डबे येतात आणि मागणाऱ्याला बाटलीत भरून मिळते. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साखरेचा साठा साधारण १,६०० ते २,००० कॅलरींचा असतो, माझ्यासारखीचा त्याहून कमी. मॅरेथॉनला मला २,३०० च्या आसपास लागणार. चरबीही जळते खरी, पण सावकाश. म्हणून तासा-दीड तासाहून लांबच्या धावेत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके वाटेतच घ्यावी लागतात. त्यासाठी दुकानात मिळणारी जेलची पाकिटे मी आधी वापरली. ती वाईट नाहीत, महाग आहेत आणि तिसऱ्या पाकिटानंतर घशाखाली उतरत नाहीत. काकवीच्या एका मोठ्या चमच्यात १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. शिवाय तिच्यात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते, आणि आतड्यातून शोषले जाण्याचे या दोघांचे मार्ग वेगळे असल्यामुळे एकाच मार्गावर गर्दी होत नाही. मी तिच्यात चिमूटभर मीठ घालून छोट्या मऊ बाटलीत भरते आणि तासाला तीन चमच्यांचा हिशेब ठेवून दर वीस मिनिटांनी एक घोट घेते, वर पाणी. पहिल्या दिवशी एकदम अर्धी बाटली प्यायल्याने मळमळले होते. पोटालाही सराव द्यावा लागतो. एका मैत्रिणीने प्रेमाने गोकाकचे करदंट दिले होते, तेही खिशात घेऊन पाहिले. डिंक, सुकामेवा आणि गूळ हा ऐवज अप्रतिम आहे, पण धावताना डिंक दाताला चिकटतो आणि सुक्या मेव्यातली चरबी पचायला वेळ घेते. तो दुपारी चारला, शाळेच्या मधल्या तासाला खाण्याचा पदार्थ आहे. बेळगावच्या खव्याच्या कुंद्याचेही तेच.

पैशाचे सांगायचे तर एका ताटाला १३० रुपये, आणि दोन्ही वेळचा महिन्याचा पास ४,८०० रुपयांना. महिन्याचे २६ दिवस धरले तर पासवाल्याला एक जेवण ९२ रुपयांना पडते, म्हणजे रात्रीच्या पूर्ण ताटाच्या हिशेबाने हजार कॅलरींना ६६ रुपये. आधीच्या डब्याची वर्गणी ७,५०० होती. तिथे हजार कॅलरी ३३५ रुपयांना पडत होत्या. कमी अन्न विकत घेण्यासाठी मी पाचपट दर मोजत होते, हे मला गणिताच्या सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये सर्वांसमोर दाखवून दिले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाळी परत आली. त्याआधीच, खानावळीच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्रीची जाग बंद झाली होती. अकरा आठवड्यांत वजन दीड किलोने वाढले आणि त्याच वाढलेल्या वजनाने येळ्ळूरच्या रस्त्यावरचा माझा वेग किलोमीटरमागे वीस सेकंदांनी सुधारला. मुंबईत ४ तास ४१ मिनिटे लागली. चौतिसाव्या किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ आला, तिथे माझ्या पुढचे बरेच जण चालू लागले होते. मी सावकाश का होईना, धावतच चढले, आणि वरती पोहोचल्यावर बाटलीतला काकवीचा शेवटचा घोट घेतला.

बसून, वाढून घेऊन, वेळेवर जेवण्याची ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी ही जागा आहे. ताटापुढे कॅलरींचा आकडा हवा असेल, किंवा सकाळी साडेआठला गरम जेवण हवे असेल, तर ती उपयोगाची नाही. लांबच्या धावेआधीचे साधे ताट हवे असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत अक्कांना सांगावे. काकवीसाठी बाटली आपली न्यावी आणि ती कोरडी असावी, ओली दिसली तर त्या भरून देत नाहीत. नव्या महिन्याच्या पासचे पंचवीस तारखेच्या आत सांगावे लागते. सोमवारी खानावळ बंद असते.